वायर बदलली, पण आणखी काय बदललं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ६१ वर्षांचा, बँकेतून निवृत्त, नाशिकला राहतो. तरुणपणी अकरा वर्षं गाणं शिकलो. आजही सकाळी तानपुरा घेऊन बसतो. निवृत्तीच्या पैशातून चांगला अँप्लिफायर आणि छोटे स्पीकर घेतले. मार्चमध्ये दुकानदाराच्या सांगण्यावरून स्पीकरच्या वायरी बदलल्या, ४२ हजारांच्या. वायर बोटाएवढी जाड, वाकेचना, म्हणून त्यांच्या माणसाने स्पीकर पुढे ओढून ती जोडली. पहिल्याच रागाला फरक कळला. डग्गा घुमायचा तो स्वच्छ झाला, आवाज भिंतीतून सुटून समोर आला. मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर. तो म्हणतो, "बाबा, तांबं ते तांबं, तुम्हाला फसवलंय." पत्नीला फरक कळत नाही. या विषयावरून मुलाचं-माझं बोलणं तुटक झालंय. आता दुकानदार म्हणतो, सिस्टीम अजून पुरती खुललेली नाही. डॅक (डिजिटल गाण्याचे आकडे आवाजाच्या विजेत बदलणारं यंत्र), पॉवर कंडिशनर (वीज 'स्वच्छ' करतं म्हणतात ते यंत्र) आणि पॉवर कॉर्ड (प्लगपासून यंत्रापर्यंतची विजेची वायर) मिळून ३ लाख ४० हजार. मी कानांवर विश्वास ठेवू की मुलाच्या हिशोबावर?

नमस्कार.

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. वायर वाकेना म्हणून स्पीकर पुढे ओढले, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात आहे.

पंचवीस वर्षं मी ध्वनिमुद्रणाच्या काचेमागे बसले आहे, त्यामुळे स्पीकर हातभर सरकवला की काय होतं ते पोटातून माहीत आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही खोलीचं चित्र काढून पाठवलंत ते फार बरं केलंत. दहा बाय बाराची खोली, खाली फरशी, एका बाजूला मोठी काच, आणि स्पीकर पूर्वी भिंतीपासून वीतभर. आता ते दीड हात पुढे आहेत. भिंतीला लागून ठेवलेल्या स्पीकरचे खालचे स्वर भिंतीवरून परत येऊन मूळ आवाजात मिसळतात आणि सहा डेसिबलपर्यंत फुगतात. कोपऱ्यात ठेवला तर त्याहूनही जास्त. तुमचा डग्गा घुमत होता तो यानेच. स्पीकर पुढे आले, फुगवटा उतरला, डग्ग्याचा आघात आणि त्याची आस वेगवेगळी ऐकू यायला लागली. गवयाचा आवाज भिंतीतून सुटून समोर आला, हेही तुमचं वर्णन अचूक आहे.

म्हणजे तुमचे कान बरोबर होते. फरक खरा होता. श्रेय मात्र तांब्याला गेलं, आणि ते सरकलेल्या स्पीकरचं होतं, अशी माझी दाट शंका आहे. शंका एवढ्यासाठीच म्हणते की मी तुमच्या खोलीत बसलेले नाही. ती तपासायची युक्ती खाली सांगते. एक रुपया लागत नाही.

त्याआधी तुमच्या प्रश्नाच्या मांडणीबद्दल. कान की हिशोब, असा सामना तुम्ही लावलात. घरात ताण आलाय तो त्यामुळे, असं मला वाटतं. मुलगा म्हणतो फरक शक्यच नाही, तुम्ही म्हणता मी ऐकला. तुमच्यासाठी हा प्रश्न आता वायरीचा राहिलेला नाही. अकरा वर्षांच्या शिक्षणावर कुणीतरी बोट ठेवलंय, असं तुम्हाला वाटतंय. ते लागणं स्वाभाविक आहे. पण मुलाने तुमचं ऐकणं नाकारलं आणि तुम्ही त्याचं गणित नाकारलंत, आणि स्पीकर कुठे होते हे दोघांनीही पाहिलं नाही.

त्याचं गणित तेवढं बघून घेऊ. घरात वायरिंगला वापरतात ती २.५ स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर घ्या. स्पीकरपर्यंत तीन मीटर जाणं, तीन मीटर येणं. या सहा मीटरचा रोध ०.०४ ओहम भरतो. तुमच्या स्पीकरचा रोध आठ ओहमच्या आसपास, काही स्वरांना चारपर्यंत उतरत असेल. म्हणजे वायरीत फार तर एक टक्का जातो. आवाजाच्या मापात बोलायचं तर डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी. ४२ हजारांची वायर लावून वाचवायचं ते एवढंच. आणि तुमच्या खोलीच्या भिंती एखाद्या खर्जातल्या स्वराला सहज दहा डेसिबल वर चढवतात.

हे भिंतींचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण पुढचे पैसे कुठे घालायचे ते यावर ठरेल. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४७ कंपनांच्या, आसपासचा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये बरोबर मावतो आणि अडकतो. त्याच्या दुपटीचा, ९४ चाही तसाच. दहा फुटांच्या रुंदीत ५६ आणि ११३. तुमची पट्टी काळी एक असेल तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा षड्ज ६९ हर्ट्झला येतो आणि डग्ग्याचा घुमारा त्याच्या थोडा वर खेळतो. थोडक्यात, आपल्या गाण्याचा सगळा तळ या अडकणाऱ्या स्वरांच्या मध्ये सापडलेला आहे. एका जागी बसलात तर डग्गा दणदणतो, दोन फूट मागे सरकलात तर नाहीसा होतो. आजच करून बघा. तबल्याचा एखादा एकल वादनाचा ठेका लावा आणि खोलीत हळूहळू फिरा. चार पावलांत जेवढा फरक कळेल तेवढा मी कुठल्याही दोन वायरींमध्ये कधी ऐकलेला नाही.

आता कानांबद्दल. तुमचे कान तयार आहेत, पण तयार कानही फसतो. हे मी अनुभवाने सांगते. स्टुडिओत एकदा एका गायिकेच्या आवाजातली धार कमी करायची होती. मी बटण फिरवत गेले, धार हळूहळू उतरली, शेजारी बसलेल्या संगीतकाराने मान डोलावली, "हां, आता झालं." दोघांचं समाधान झालं. मग माझं लक्ष खाली गेलं. ते उपकरण जोडणीत नव्हतंच, बायपासवर होतं. मी दहा मिनिटं नुसतं बटण फिरवत होते, आणि आम्ही दोघांनीही फरक ऐकला होता. माझ्या व्यवसायातल्या कुणालाही विचारा, प्रत्येकाकडे असा एक प्रसंग असतो. ऐकणं कानाशी संपत नाही. काय ऐकू येणार आहे याची मनाने आधीच तयारी केलेली असते. दुसऱ्यांदा तोच राग ऐकताना आपण आणखी लक्ष देतो, आणि लक्ष दिलं की नवीन काहीतरी सापडतंच. तुम्ही बैठकीत तेच अनुभवता. जाणकार मित्राने हळूच कोपर मारला की ती मींड ऐकू येते, नाही तर निसटते.

ध्वनिशास्त्रात हे तपासलेलं आहे. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये बरीच वर्षं काम केलेले फ्लॉइड टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली एक प्रयोग मांडला. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा स्पीकर डोळ्यांसमोर, एकदा पडद्याआड. पडदा आला तशी पसंती बदलली. आणि हे श्रोते स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत काम करणारे होते, काल आलेले नवखे नव्हते. मला यात श्रोत्यांची चूक दिसत नाही. माणसाचं ऐकणं असंच घडलंय, म्हणून तर पडदा लागतो.

तर येत्या रविवारी एवढं करा. स्पीकर जिथे आहेत तिथेच राहू द्या, त्यांच्या तळाशी खडूने खुणा करा. जुनी वायर टाकून दिली नसेल तर ती लावा, नसेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानातून मीटरवर मिळणारी २.५ ची आणा. आणि मार्चमध्ये ऐकलात तोच राग लावा. डग्गा स्वच्छच राहिला, तर उत्तर मिळालं. आणखी खात्री हवी असेल तर मुलाला बोलवा. तुम्ही खोलीबाहेर जायचं, त्याने नाणं उडवून छापा आला तर नवी वायर, काटा आला तर जुनी लावायची, जोडण्यांवर चादर टाकायची आणि स्वतः दुसऱ्या दाराने बाहेर पडायचं, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरूनही काही कळायला नको. तुम्ही आत येऊन ऐकायचं, हवं तितका वेळ, आणि कागदावर लिहायचं. असं दहा वेळा, एका दिवसात नको, कान दमतात. दहापैकी नऊ वेळा ओळखलंत तर फरक आहे असं धरायला हरकत नाही, कारण नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा बरोबर येणं शंभरात एखाद्या वेळीच घडतं. पाच-सहा आले तर ४२ हजारांचा धडा मिळाला. निकाल काय लागेल हे मुलालाही आधीपासून माहीत नाही, हे त्याला प्रामाणिकपणे मान्य करायला लावा. नाही तर तो प्रयोग राहणार नाही, तुमची परीक्षा होईल.

आता ते ३ लाख ४० हजार. मी आजच्या घडीला यातला एकही रुपया देणार नाही. का ते सांगते.

डॅकचं काम एवढंच की आकड्यांचा प्रवाह घेऊन त्यातून विजेचा हेलकावा बनवायचा. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हा हे काम अवघड आणि महाग होतं. आज मोबाईलला लावायच्या हजार-दोन हजारांच्या डोंगलमध्येही ते इतकं स्वच्छ होतं की उरलेला दोष पंख्याच्या आवाजाखाली कुठल्या कुठे बुडून जातो. सीडीहून बारीक नोंद असलेल्या, मोठमोठ्या आकड्यांच्या हाय-रेझोल्यूशन ध्वनीबद्दलही हेच. २००७ मध्ये बॉस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी त्याच उच्च दर्जाच्या ध्वनीमध्ये साध्या सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून लोकांना ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, निम्मी उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

दुकानात मात्र महागडा डॅक उजवा वाटतो, आणि त्याचं एक साधं कारण असतं. तो किंचित मोठ्याने वाजत असतो. सीडी प्लेअर साधारण दोन व्होल्ट देतात, काही डॅक त्याहून जास्त. अर्ध्या डेसिबलचा फरक मोठेपणा म्हणून लक्षात येत नाही, तो भरदारपणा आणि मोकळेपणा म्हणून कळतो. म्हणून कुठल्याही दोन यंत्रांची तुलना करायची तर १०० हर्ट्झचा एकच सलग स्वर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज बघायचं आणि दोन्हीचं एक टक्क्याच्या आत आणायचं. मल्टिमीटर तुमच्या मुलाकडे असेलच. दुकानदार हे करू देत नसेल तर त्याचा डेमो ऐकू नका.

पॉवर कॉर्डबद्दल फार लिहीत नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्राची असो की आणखी कुठली, वीज मैलोन्मैल अॅल्युमिनियमच्या तारांतून, गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून आणि तुमच्या भिंतीतल्या वायरीतून येते. शेवटच्या दीड मीटरने तिचा स्वभाव बदलत नाही. शिवाय अँप्लिफायर ती वीज जशी आली तशी वापरत नाही. तो आधी तिचं व्होल्टेज उतरवतो, मग तिचं डीसी करतो, कपॅसिटरमध्ये साठवतो आणि मग तिला हात लावतो.

पण विजेवर अजिबात खर्च करू नका असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली होत असेल, विजा पडत असतील, तर चांगला स्टॅबिलायझर आणि सर्ज प्रोटेक्टर जरूर लावा. त्याने आवाज सुधारत नाही, यंत्र वाचतं. आणि स्पीकरमधून गाणं बंद असताना बारीक हुंकार येत असेल, तर आधी अर्थिंग तपासून घ्या आणि टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची केबल क्षणभर काढून बघा. जाहिरातीतल्या अनेक महाग वस्तू ज्या हुंकारावर इलाज म्हणून विकल्या जातात, तो गल्लीतला वायरमन दोनशे-पाचशे रुपयांत घालवतो.

मग पैसे घालायचे कुठे? माझा नियम असा की जिथे काहीतरी प्रत्यक्ष हलतं तिथे खर्च करावा. स्पीकरचा पडदा हलतो, रेकॉर्डवर सुई हलते, खोलीतली हवा हलते. यांत यंत्रागणिक फरक पडतो आणि तो डोळे मिटूनही कळतो. चांगल्या अँप्लिफायरचा दोष टक्क्याच्या शंभराव्या भागात मोजतात, तर स्पीकर खर्जाला जोर लावतो तेव्हा त्याचा दोष काही टक्क्यांवर जातो. हे तुम्हाला तानपुऱ्यावरून लगेच पटेल. जवारीचा धागा म्हणजे सुताचा एक तुकडा, त्याला किंमत नाही. पण तो घोडीवर केसभर सरकला की सगळा तानपुरा बोलायला लागतो किंवा मुका होतो, कारण तार घोडीला कुठे टेकते ते तो ठरवतो. तुम्ही रोज सकाळी तो बोटाच्या टोकाने सरकवता आणि आवाज उघडला की हात काढता. स्पीकरला आता तेच करा. भिंतीपासून चार-चार बोटं पुढेमागे करून बघा. तोंड तुमच्याकडे थोडं वळवा. उंची तपासा. पत्रात तुम्ही लिहिलंय की स्पीकर शोकेसवर आहेत आणि तुम्ही खाली गादीवर बसून ऐकता. म्हणजे वरचे स्वर सोडणारा छोटा पडदा तुमच्या डोक्यावरून गातोय. तो कानाच्या उंचीला आणा, नाही तर स्पीकर पुढून थोडे खाली झुकवा. त्यासाठी लाकडाची पाचर पुरते.

मग खोली. फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, काचेवर जड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. टाळी वाजवून बघा, टाळीमागे झणझण ऐकू येते ना, ती कमी झाली पाहिजे. खर्जाला मात्र पातळ वस्तू पुरत नाहीत. भिंतीवर अंड्यांचे ट्रे किंवा इंचभर फोम चिकटवून डग्गा सुधारत नाही, उलट वरचे स्वर तेवढे मरतात आणि खोली कोंदट वाटते. कोपऱ्यांत रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकरीचे, चार-सहा इंच जाडीचे, कापडात शिवलेले ठोकळे उभे करावे लागतात. सुताराकडून चौकटी करून घेतल्या तर चार कोपरे मिळून तुमच्या त्या वायरीच्या किमतीच्या पुष्कळ खाली होतील. मुलाला मोजमापाची आवड असेल तर 'रूम ईक्यू विझार्ड' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याला मोजणीचा यूएसबी मायक्रोफोन जोडला की कुठला स्वर किती फुगतोय त्याचा आलेख समोर येतो. त्याचं गणित आणि तुमचे कान यांनी मिळून करण्यासारखं काम हेच आहे.

एवढं करूनही काही कमी वाटलं तर पुढचा खर्च स्पीकरवर करा, आणि तोही स्वतःच्या खोलीत आठवडाभर ऐकून, परतीची अट बिलावर लिहून घेऊन. ज्यांच्याकडे जुने स्पीकर आहेत अशा वाचकांनी आधी त्यांच्या पडद्याची कडा बघावी. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळते, आणि नवी कडा बसवून मिळते. जुन्या अँप्लिफायरमधले कपॅसिटरही सुकतात. या दुरुस्त्यांनी जो फरक पडतो तो पाहून मी थक्क झाले आहे.

महाग वस्तू घेऊच नये असंही माझं म्हणणं नाही. जड अॅल्युमिनियमची कॅबिनेट, लोण्यासारखं फिरणारं बटण, दहा वर्षांनीही मिळणारी सर्व्हिस यांना किंमत आहे. पैठणी आपण ऊब मिळावी म्हणून घेत नाही, तिच्या कामासाठी, रंगासाठी घेतो आणि तसं मानतो. तुम्हाला ते यंत्र सुंदर दिसतं म्हणून हवं असेल आणि पैसा मोकळा असेल तर आनंदाने घ्या. डग्गा सुधारेल म्हणून घेऊ नका.

पत्रातली आणखी एक गोष्ट मला टोचली. मार्चपासून एकही राग पूर्ण ऐकलेला नाही, सुरुवातीची दोन-तीन मिनिटं लावून बदलत राहतो, असं तुम्ही लिहिलंय. अकरा वर्षं शिकलेल्या माणसाचा विलंबित ख्याल समेवर यायच्या आधी बंद होतो, हे वाचून वाईट वाटलं. दुकानदार म्हणतो सिस्टीम खुललेली नाही, म्हणून तुम्ही ती कुठे अडतेय ते शोधत बसता. शोधणं महिनाभर बंद ठेवा. संध्याकाळी एकच राग, आलापापासून द्रुतापर्यंत, सलग. पत्नींनाही बसवा. त्यांना वायरीचा फरक कळला नाही हे तुम्ही थोडं खेदाने लिहिलंय. माझ्या मते त्या खोलीत सगळ्यांत निवांत त्या ऐकत होत्या.

दुकानदाराला फोन करून आत्ता काही घेत नाही एवढंच सांगा, कारण देऊ नका. वायर परत घेतो का ते विचारा, बॉक्स आणि बिल असेल तर काही जण घेतात. आणि रविवारी मुलगा आला की आधी त्याला खडूच्या खुणा आणि जुनी जागा दाखवा. नाणं, चादर आणि जुनी वायर तयार ठेवा. कागद त्याच्याकडे देऊ नका, तुमच्याकडेही नको. तो पत्नींकडे असू द्या. दहापैकी किती आले ते मला कळवा, आकडा कुठलाही असला तरी.